पुरातून वाचलेली पेन्सिल

आई गेल्यापासून रंगपेटी उघडवत नाही, असं तुम्ही लिहिलंत ते वाचून राहवलं नाही. माझी बायको 2018 च्या दिवाळीआधी गेली. पुढचे नऊ महिने मी ना चित्र काढलं, ना डायरीत एक ओळ लिहिली. मग 2019 चा ऑगस्ट आला. पंचगंगेचं पाणी आमच्या कोल्हापूरच्या घराच्या तळमजल्यात छातीइतकं चढलं आणि कपाटातल्या तीस वर्षांच्या वह्या भिजल्या. शाईनं लिहिलेलं सगळं निळं पाणी. जलरंगातला रंकाळा तलाव, तिथला संध्यामठ एकमेकांत मिसळून नुसते राखाडी. पेन्सिलीची रेखाटनं मात्र जशीच्या तशी! शिसं पाण्यात विरघळत नाही हे माहीत होतं हो, पण ओल्या कागदावर तिचा भाकरी थापतानाचा पाठमोरा खांदा दिसला आणि मी तिथंच चिखलात बसून रडलो. हात पुन्हा चालायला लागला तो तेव्हापासून.

2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हाही काळवंडलेल्या भिंती रेखाटून आणल्या. लग्नानंतरचं पहिलं नाटक आम्ही तिथंच पाहिलं होतं.

गेल्या वर्षी सत्तरी झाली. शाहू स्मारकच्या कलादालनात त्या भिजलेल्या कागदांचंच छोटं प्रदर्शन लावलं. डाग तसेच ठेवले, फ्रेममध्ये लपवले नाहीत.

रंगपेटी राहू दे सध्या. मऊ शिशाची टू-बी पेन्सिल घ्या आणि आईचे नुसते हात काढून बघा. चेहरा इतक्यात जमणार नाही, मलाही वर्ष लागलं.