इटालियन क्रियापदांतला जोर मूळ रूपावरून नाही, 'मी'च्या रूपावरून
'शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर (उच्चाराच्या तुकड्यावर) जोर द्या, इटालियन क्रियापदं आपोआप जमतात', असं बऱ्याचदा सांगितलं जातं. पार-ला-रे (बोलणे), पार-लिआ-मो (आम्ही बोलतो) इथपर्यंत ते खरं आहे. पण वर्तमानकाळातल्या 'ते' (अनेकवचन) च्या रूपात हा नियम बहुतेक वेळा फसतो, आणि नवशिके नेमके तिथेच अडतात. 'पार-ला-नो'मध्ये जोर 'पार'वर आहे, 'ला'वर नाही. 'आ-बि-ता-नो' (ते राहतात) मध्ये तर तो थेट पहिल्या 'आ'वर, म्हणजे शेवटून चौथ्या सिलॅबलवर जातो. ते-ले-फो-ना-नो: जोर 'ले'वर.

हे पाठ करत बसायची गरज नाही. 'मी'च्या रूपात जोर जिथे असतो तिथेच तो 'ते'च्या रूपातही राहतो, शेवटी फक्त 'नो' हे एक सिलॅबल वाढतं. 'आ-बि-तो'त 'आ'वर, म्हणून 'आबितानो'तही 'आ'वर. 'प्रे-पा-रो'त 'पा'वर, म्हणून 'प्रेपारानो'तही 'पा'वर. शब्दकोशातल्या 'आबितारे', 'प्रेपारारे' या मूळ रूपांवरून हा फरक कळतच नाही, त्यामुळे नवीन क्रियापद शिकताना 'मी'चं रूप मोठ्याने म्हणूनच शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

शब्दाचे सिलॅबल तोडण्याबद्दल एक राहिलं: एकच व्यंजन दोनदा आलं (जसं 'त्त') तर ते मधोमध तुटतं, पण 'स'पुढे वेगळं व्यंजन आलं तर दोन्ही पुढच्या सिलॅबलमध्ये जातात. म्हणून आ-स्पेत्-ता-नो, का-पि-स्को-नो. आणि देवनागरीत लिहून घेत असाल तर जोराच्या अक्षराखाली रेघ माराच. आपल्या लिपीत सगळे 'आ' सारखेच दिसतात, आणि मराठी जीभ प्रत्येकाला सारखंच लांबवते.