पहिल्या दीर्घिकांवर पीएचडी करायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार. भौतिकशास्त्रात एमएस्सी झालंय. जेम्स वेब दुर्बिणीला दिसलेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका महास्फोटानंतर जेमतेम ३० कोटी वर्षांनीची आहे, आणि चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाला तिच्यात चक्क ऑक्सिजन सापडला! ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटातच तयार होतो, म्हणजे ताऱ्यांची एक पिढी तोवर जगून संपलीसुद्धा. इतक्या लवकर हे झालं कसं, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

कोपनहेगनचं कॉस्मिक डॉन सेंटर आणि हायडेलबर्गची मॅक्स प्लांक खगोलशास्त्र संस्था डोळ्यांसमोर आहेत. अडलंय ते इथे: वर्णपटांच्या (तरंगलांबीनुसार विभागलेल्या प्रकाशाच्या) निरीक्षणाकडे वळू की संगणकावरच्या सिम्युलेशनकडे? पायथन बऱ्यापैकी येतं, पण वर्णपट कधी हाताळलेले नाहीत. अर्जाआधी मार्गदर्शकांना ईमेल करावा का, आणि त्यात काय लिहावं? या क्षेत्रात असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.