मोनॅकोला एक दिवस : घरच्यांना घेऊन गेला असाल तर लिहा

गेल्या जूनमध्ये आई-बाबा आणि सात वर्षांच्या लेकीला घेऊन आम्ही फ्रान्समधल्या नीसहून मोनॅकोला जाऊन आलो. "श्रीमंतांची जागा ती, तिथे आपलं काय काम?" असं निघण्याआधी दोघातिघांनी ऐकवलं होतं. मला मात्र तो दिवस राहून राहून आठवतो, म्हणून हा धागा. कसे गेलात, वयस्कर मंडळींना झेपलं का, मुलं कुठे रमली, सगळं लिहा. कॅसिनो आणि यॉटची वर्णनं भरपूर सापडतात, हे सापडत नाही.

आधी माझं, खाली तुमचं येऊ द्या. नीसहून लोकल ट्रेनने पंचवीसेक मिनिटं लागतात. जाताना उजवीकडची खिडकी पकडा, समुद्र त्या बाजूला आहे. व्हिलफ्रांशची खाडी दिसली आणि आई बोलता बोलता थांबली. मोनॅकोचं स्टेशन डोंगराच्या पोटात आहे. जेमतेम २ चौरस किलोमीटरचा देश, पण सगळा उभा चढ. बाबांच्या गुडघ्यांची मला धास्ती होती. पण जागोजागी सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, तेही फुकट. तिसऱ्या लिफ्टमधून बाहेर आल्यावर बाबांनी काठी काखेत धरली आणि आमच्या पुढे चालायला लागले.

राजवाड्यासमोर ११:५५ला पहारा बदलतो. ऊन कडक होतं, पण उन्हाळ्यातल्या पांढऱ्या गणवेशातले शिपाई बघून लेक हरखली. जेवायला सेंट मार्टिन बागेत बसलो. सावलीतला बाक, खाली समुद्र आणि डब्यात दशम्या नि शेंगदाण्याची चटणी.

*

आम्हीही जाऊन आलो. आमचे सासरे मालवणचे, उभं आयुष्य मासेमारीत गेलं. त्यांना घेऊन थेट समुद्रविज्ञान संग्रहालयात गेलो. राजे पहिले आल्बर्ट यांना समुद्र-संशोधनाचं वेड होतं, त्यांनी उभारलेली ही इमारत १९१०मध्ये खुली झाली. कड्यातूनच वर आल्यासारखी दिसते. आत देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, मुलं त्याच्याखाली मान वर करून उभी. सासरे मात्र तळघरातल्या काचेच्या टाक्यांपाशी. एक जाडा, मोठ्या ओठांचा मासा पुढे आला, तशी त्यांनी काचेवर बोट टेकवलं : "अरे, ह्यो तर आमचो गोबरो!" पुढचा तासभर नातवंडांना तेच माहिती देत होते. तिकीट स्वस्त नाही, पण वेळ थोडा असेल तर बाकी काही सोडा, हे सोडू नका.

*

माझ्याकडून एक सावधगिरी. मोनॅकोत युरो चालतो, पण तो देश युरोपीय संघात नाही. माझ्या मोबाइल कंपनीच्या युरोपच्या पॅकमध्ये मोनॅको नव्हतं. मुलांनी गाडीत व्हिडिओ बघितले आणि महिनाअखेर बिल बघून मी हादरले. निघण्याआधी आपापल्या कंपनीला विचारून घ्या, नाहीतर डेटा बंद ठेवा.

*

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, फॉर्म्युला वनचा भक्त. कॅसिनोत अठराखालच्यांना खेळायला बंदी, पण त्याला त्याचं काहीच नव्हतं. १९२९पासून जिथे शर्यत होते तो ३.३३७ किलोमीटरचा रस्ता आम्ही चालून काढला. एरवी तो साधाच रस्ता, बस आणि स्कूटर धावतात. त्या प्रसिद्ध अरुंद वळणावर तो उकिडवा बसला आणि लाल-पांढऱ्या कडेवरून हात फिरवत राहिला. बोगद्यातही पदपथ आहे. शर्यतीच्या सुमारास (२०२५पर्यंत मे महिन्यात असायची, २०२६पासून जूनच्या सुरुवातीला) जात असाल तर रस्ते बंद आहेत का ते आधी बघून घ्या.

*

माझ्या आईला ग्रेस केलीची समाधी बघायची होती. ही हॉलीवूडची नटी, मोनॅकोच्या राजे रेनिए यांच्याशी लग्न करून इथे आली. १९५६च्या त्या लग्नाचे फोटो तिने लहानपणी मासिकात पाहिले होते. कॅथेड्रलमध्ये मोठं काही असेल असं मला वाटलेलं. पण जमिनीत बसवलेली साधी शिळा, त्यावर लॅटिनमध्ये तिचं नाव, 'ग्रातिया पात्रिसिया'. आईने हात जोडले. मग हळूच विचारलं, "शेजारची कोणाची?"

नवऱ्याची, म्हटलं. त्या १९८२ला गेल्या, राजे रेनिए २००५ला.

"तेवीस वर्षं," आई म्हणाली. माझ्या बाबांना जाऊन तेव्हा दुसरंच वर्ष होतं. ती तिथे बराच वेळ उभी राहिली. मीही घाई केली नाही, आमची गाडी चुकली तरी.