तुकाराम ओंबळेंना अशोक चक्र, मग परमवीर का नाही?

भाकरवडी७७: लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट चालूय, शूरवीरांवर. तिने विचारलं ओंबळेंनी नुसत्या लाठीवर कसाबची एके-४७ धरून ठेवली, गोळ्या खाल्ल्या पण सोडली नाही, मग त्यांना सगळ्यात मोठं परमवीर चक्र का नाही दिलं? मी आपलं "ते मिलिटरीचं असतं गं" म्हणून वेळ मारून नेली पण मलाच पटलं नाही. कुणी नीट सांगेल का?

जुना_खडकीकर: अहो अशोक चक्र खालचं नाहीये. दोन वेगळ्या शिड्या आहेत. शत्रूसमोर लढताना परमवीर, महावीर, वीर. इतर वेळच्या शौर्याला अशोक, कीर्ती, शौर्य, आणि हे पोलीस, साधे नागरिक कुणालाही मिळतं. लोक वीर चक्र आणि शौर्य चक्र यात हमखास गोंधळ घालतात, पेपरवाले पण.

टपरीवरचा_चहा: म्हणजे युद्ध असेल तरच परमवीर ना? मग कारगिलला चार दिली ती कशी, तिथे तर युद्ध जाहीरच केलं नव्हतं

जुना_खडकीकर: जाहीर करायची अट नाहीच. समोर शत्रू हवा बस. बाना सिंगांना १९८७ मध्ये सियाचिनच्या चौकीसाठी मिळालं, मेजर परमेश्वरन तर त्याच वर्षी श्रीलंकेत शांतिसेनेत होते, त्यांना मरणोत्तर. आत्तापर्यंत एकूण २१ जणांनाच मिळालंय आणि त्यातले १४ मरणोत्तर, यावरून समजा काय चीज आहे.

कारवारची_माशेवाली: आमच्या कारवारकडचे रामा राघोबा राणे विसरू नका हां! बॉम्बे सॅपर्सचे (म्हणजे सैन्यातले इंजिनियर), एप्रिल १९४८, जम्मूकडचा नौशेरा-राजौरी रस्ता. सुरुंग काढत, झाडं हटवत रणगाड्यांना वाट करून द्यायची, वरून गोळीबार चालू, आणि हे एकदा चक्क रणगाड्याखाली सरपटत गेले, ड्रायव्हरला थांब-चल सांगायला दोरी बांधून. जिवंतपणी परमवीर मिळालेले पहिले तेच. कारवारला बीचवर पुतळा आहे, माणसं त्याच्याजवळ सेल्फी काढतात आणि विचारतात हे कोण 🤦

टपरीवरचा_चहा: प्रोजेक्टमध्ये सावित्रीबाई खानोलकर पण टाका, परमवीरचं डिझाइन त्यांचं. जन्माने युरोपियन, लग्न मराठी लष्करी अधिकाऱ्याशी. मेडलवर इंद्राची चार वज्रं त्यांनीच काढली. आणि गंमत म्हणजे पहिलं परमवीर ज्यांना, त्या सोमनाथ शर्मांच्या भावाला यांची मुलगी दिलेली.

भाकरवडी७७: बापरे. लेकीने ओंबळे पहिल्या पानावरच ठेवलेत, आता वज्र काढायला बसलीय, चौथा कागद फाडला.