माकडांची पिल्लं ओरडायला शिकतात की जन्मतःच येतं?

रानभूल:
गेल्या महिन्यात ताडोबाला गेलो होतो, वानरं खॉक खॉक करायला लागली की गाईड जिप्सी थांबवून "कॉल आला" म्हणतो, म्हणजे वाघ-बिबट्या जवळ असल्याचा इशारा. वाघ काय दिसला नाय ते सोडा, पण सगळी टोळी बोंबलत असताना आईच्या पोटाला चिकटलेलं एक पिल्लू नुसतं तिच्या तोंडाकडे टकामका बघत होतं, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हे आवाज पिल्लं ऐकून ऐकून शिकतात का, आपल्या पोरांसारखी? विकिपीडियाची लिंक देऊ नका प्लीज.

चष्मिश:
यावर गाजलेलं काम केनियातलं, अंबोसेलीच्या व्हर्वेट माकडांवर, सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांचं, १९८० ला छापून आलं. बिबट्या, गरुड, साप, तिघांसाठी वेगवेगळे आवाज. बिबट्याचा आला की झाडावर पळायचं, गरुडाचा आला की वर बघायचं नाहीतर झुडपात घुसायचं, सापाचा आला की मागच्या दोन पायांवर उभं राहून गवत धुंडाळायचं. पिल्लांना आवाज काढता येतो पण कुणासाठी काढायचा ते पक्कं नसतं, साधा करकोचा उडाला तरी गरुडाचा कॉल, झाडावरून पान गळलं तरी गरुडाचा कॉल! पण चूकसुद्धा हिशोबातली बरं का, हवेतल्याच गोष्टीला गरुड म्हणणार, जमिनीवरच्या जनावराला नाही. आणि कॉल ऐकल्यावर आधी मोठ्यांकडे बघणारी पिल्लं बरोबर वागायची शक्यता जास्त, तुमचं ताडोबाचं पिल्लू आठवा.

शंकासुर:
म्हणजे आवाज आधीच भरून येतो, वापर नंतर शिकायचा? मग कुणाचं ऐकलंच नाही तर?

चष्मिश:
तरी येतो. स्क्विरल मंकीची पिल्लं मुक्या केलेल्या आयांजवळ वाढवून बघितली (वाचताना पोटात कालवतं खरं), तरी ती आपल्या जातीचेच आवाज काढत होती. रीसस माकडांची पिल्लं जपानी मकाक या दुसऱ्या जातीच्या आयांना दत्तक दिली तर पिल्लांचे आवाज बहुतांशी रीससचेच राहिले, उलट त्या आयाच पोरांचे आवाज ओळखायला शिकल्या.

जुळ्यांची_आई:
अहो मार्मोसेट राहिली की! ब्राझीलची एवढुशी माकडं, त्यांना बहुतेक जुळीच होतात म्हणून माझा जरा जास्तच जीव. प्रिन्स्टनला आसिफ गझनफर यांच्या लॅबचा २०१५ चा पेपर आहे, पिल्लू आधी नुसतं किरकिरतं आणि दोनेक महिन्यांत त्याची मोठ्यांसारखी लांब शिट्टी होते. काही भाग अंग वाढण्याचा, फुप्फुसं वगैरे, पण तेवढ्यानं सगळं जुळत नाही, ज्या पिल्लाला आईबाप लगेच उत्तर देतात त्याचं किरकिरणं लवकर सुटतं. आणि तिथे बापपण पिल्लं पाठीवर घेऊन फिरतो, उत्तरं देतो! आमच्याकडे दोघी मिळून बाबाबाबा करतात तेव्हा नवरा मोबाईलमधून मान वर न काढता "हं" म्हणतो. पेपर त्याला व्हॉट्सॲपला पाठवला.

रानभूल:
मग काय म्हणाले?

जुळ्यांची_आई:
हं.