बारा वर्षांखालची फुटबॉल स्पर्धा: एकतर्फी सामना, पडलेलं मूल आणि बाकावरची मुलं यांसाठी नियमात काय लिहावं?

मैदान_समिती

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुट्टीत नागपुरात वस्त्यावस्त्यांमधली फुटबॉल स्पर्धा ठरते आहे. १२ वर्षांखालील मुलं-मुली, सात-सातचे संघ, संघात १० खेळाडू, २०-२० मिनिटांचे दोन हाफ. आठ संघ, चार-चारचे दोन गट. काही संघ अकादमीचे आहेत, काहींतली अर्धी मुलं अनवाणी खेळतात.

नियमावलीच्या पहिल्या पानावर ‘खिलाडूवृत्ती जपा’ असं सगळेच छापतात, पण मैदानावर त्याने काही बदलत नाही. म्हणून नेमकं विचारतो. सामना ८-० झाला की काय करायचं? मूल पडलं आणि बॉल समोरच्या संघाकडे असला, तर खेळ कोणी थांबवायचा? दहाव्या नंबरच्या मुलाला खेळायला मिळेलच, हे कसं बांधून घ्यायचं? आणि ‘खिलाडू संघ’ बक्षीस द्यायचं तर ठरवायचं कशावर?

शिट्टी

पहिल्या प्रश्नाचं मूळ बहुतेक वेळा नियमावलीतच सापडतं. गुण सारखे झाले की गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) पाहायचा, असं लिहिलं की कोचला १२-० करावंच लागतं. उपांत्य फेरी त्यावर अडलेली असते, मग तो मुलांना थांबा कसं म्हणेल? म्हणून क्रम असा ठेवा: आधी गुण, मग त्या दोन संघांचा आपसातला सामना, मग गोलफरक, पण एका सामन्यातला जास्तीत जास्त ४ गोलांचाच फरक धरायचा. पाचवा गोल झाला तरी तक्त्यात ४ च. तीन संघ सारख्या गुणांवर आले की आपसातल्या निकालाने बरेचदा सुटत नाही, तिथे हा मर्यादित गोलफरक कामी येतो. एवढं केलं की पुढचे गोल करण्याचं कारणच उरत नाही.

दुसरं, ४ गोलांचा फरक पडला की मागे असलेल्या संघाचा आठवा खेळाडू आत, ६ चा पडला की नववा. फरक ३ वर आला की जादाचे बाहेर. हे ऐच्छिक ठेवू नका. ऐच्छिक ठेवलं की हरणाऱ्या संघाचा कोच मानापमानापायी नको म्हणतो आणि मुलं मार खात राहतात. पंचाने खूण केली की खेळाडू आत, विचारायचं नाही. कर्णधारांच्या बैठकीत आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कोणाला दया दाखवल्यासारखं वाटणार नाही.

एक चूक टाळा. पुढे असलेल्या संघाला ‘आता गोल नका करू, नुसते पास खेळा’ असं सांगू नका. समोरची मुलं बॉलमागे पळत राहतात, बाहेरचे प्रत्येक पासवर टाळ्या वाजवतात, आणि ते आठ गोलांपेक्षा जास्त लागतं. त्याऐवजी हाफटाइमला हळूच बदल करा: गोल करणारा बचावात, गोलकीपर पुढे, शॉट फक्त डाव्या पायाने. लाइनवरून ओरडून सांगायचं नाही.

आता पडलेलं मूल. फुटबॉलच्या नियमांप्रमाणे दुखापत किरकोळ असेल तर बॉल बाहेर जाईपर्यंत पंच खेळ चालू ठेवू शकतो, गंभीर असेल तर थांबवतो. बारा वर्षांखाली हा फरक करत बसू नये. मूल पडलं आणि दोन-तीन सेकंदांत उठलं नाही की शिट्टी. २०१९ पासून ड्रॉप बॉलचा (पंचाने बॉल खाली टाकून खेळ पुन्हा सुरू करण्याचा) नियम सोपा झाला आहे: बॉल ज्या संघाकडे होता किंवा जाणार होता त्याच्याच एका खेळाडूला बॉल, ते स्पष्ट नसेल तर शेवटचा स्पर्श केलेल्या संघाला; बाकी सगळे, दोन्ही संघांचे, किमान ४ मीटर लांब. बॉल पेनल्टी एरियात (गोलसमोरच्या चौकटीत) असताना खेळ थांबला असेल तर तिथल्या गोलकीपरला. थांबल्याने कोणाचं काही जात नाही, हे मुलांना एकदा सरावात करून दाखवलं की शिट्टीवर कोणी कुरकुरत नाही.

डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी ते मूल परत खेळणार नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा. ते ‘मी बरा आहे’ म्हणेल, कोचही म्हणेल. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झापड, झटके, मान दुखणं यातलं काही दिसलं तर लगेच १०८. मानेची शंका असेल तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला हलवायचं नाही.

चार_पाळ्या

दहाव्या मुलाचं गणित सांगतो. सामना १०-१० मिनिटांच्या चार पाळ्यांत तोडा. प्रत्येक पाळीत ७ जागा, एकूण २८. दहा मुलांत वाटल्या तर आठ जणांना तीन-तीन पाळ्या आणि दोघांना दोन-दोन. म्हणजे कमीत कमी खेळणारं मूलही २० मिनिटं मैदानात असतं. किमान दोन पाळ्या प्रत्येकाला, हा नियम कोणत्याही कोचला जड नाही.

पळवाट मात्र ठरलेली आहे. कच्च्या मुलाला शेवटच्या दोन पाळ्यांत, निकाल लागून गेल्यावर उतरवतात. म्हणून प्रत्येक मूल पहिल्या हाफमध्ये एक पाळी खेळलंच पाहिजे, असं लिहा. पहिल्या हाफमध्ये १४ जागा आणि मुलं १०, म्हणजे बसतं. पाळ्यांचा कागद सामन्याआधी टेबलावर द्यायचा. दुखापत झाली तरच त्यात बदल.

बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो, याला मुलांच्या फुटबॉलमध्ये नियमांची परवानगी आहे, काळजी नको. आणि ऐनवेळी सातच जण आलेल्या संघाला बाद करू नका. समोरच्या संघाने दोन मुलं उसनी द्यावीत. उसन्या मुलाने स्वतःच्या संघावर गोल केला तर मोजायचा आणि त्याच्यासाठी दोन्ही बाकांनी टाळ्या वाजवायच्या.

निरीक्षक_ताई

बक्षिसाबद्दल. पिवळी-लाल कार्डं मोजून ‘खिलाडू संघ’ ठरवू नका. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल सगळ्या बाबतींत सारखे होते, जपान कमी पिवळ्या कार्डांवर पुढे गेला. ४ विरुद्ध ६. पण त्याच जपानने पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे असताना शेवटची काही मिनिटं नुसता बॉल फिरवत काढली, कारण तेवढ्याने काम भागत होतं. नियमात बसलं, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कार्डं फक्त काय केलं नाही ते सांगतात.

सामना संपल्यावर पाच मिनिटांत दोन चिठ्ठ्या घ्या, एक पंचाची आणि एक समोरच्या कोचची. त्यात चारच प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण: पडलेल्याला उठवलं का, पंचाचा निर्णय मुकाट्याने मान्य केला का, आपल्या चुकलेल्या खेळाडूशी कसे बोलले, आणि कोच-पालक कसे वागले. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पेनल्टी हुकलेल्या आपल्याच मुलाला झापणारा संघ समोरच्याशी कितीही गोड वागला तरी उपयोग नाही. चिठ्ठी निकालाच्या टेबलावर नको, बंद डब्यात.

ट्रॉफी विजेत्याच्या ट्रॉफीएवढीच उंच घ्या. शेवटच्या संघाचं सांत्वन म्हणून ती दिली तर पुढच्या वर्षी कोणालाच नको असते.

मैदान_समिती

खूप उपयोगी आहे हे. अजून दोन अडचणी: स्टड्सचे (तळाला खुंट्या असलेले) बूट आणि अनवाणी मुलं एका मैदानात, शिवाय लाइनवरून ‘पाड त्याला’ म्हणणारे पालक. आणि वय लपवलेला खेळाडू सापडला तर?

ऑरेंज_सिटी_विंगर

भाऊ, स्टड्स सरळ बंद करा. एका जरी संघात अनवाणी पोट्टे असतील तर त्या सामन्यात सगळ्यांना सपाट तळव्याचे कॅनव्हास. अनवाणी अंगठ्यावर स्टड पडला की नख जाते. नियमात पादत्राण आणि शिनगार्ड सक्तीचे आहेत, त्यामुळे समितीनेच १६ जोड शिनगार्ड (नडगीवर बांधायच्या पट्ट्या) आणि वेगवेगळ्या मापाचे कॅनव्हास ठेवावे; जादाचे दोन धरूनही एका वेळी मैदानात १६ च पोट्टे राहतात. कॅनव्हास सकाळी सगळ्यांच्या समोर वाटू नका, आधीच्या संध्याकाळी कोचकडे पोचवा. झोपडपट्टीतल्या पोट्ट्यांना फुटबॉलमध्ये आणायचं काम विजय बारसे सरांनी २००१ मध्ये याच शहरात सुरू केलं. त्यामुळे इथं तरी ‘बूट नाही तर बाहेर’ म्हणू नये.

पालकांसाठी लाइनच्या ३ मीटर मागे फक्कीची दुसरी रेघ मारा आणि दोरी बांधा. दोन्ही बाक एका बाजूला, पालक दुसऱ्या बाजूला. गोलपोस्टमागे कोणीच नको, गोलकीपर पोट्ट्याला सगळ्यात जास्त तिथूनच ऐकावं लागते. कोणी ओरडलं तर पंचाने पालकाशी वाद घालायचा नाही. खेळ थांबवायचा, त्या संघाच्या कोचला पाठवायचं. कोच जाऊन येईपर्यंत घड्याळ बंद. दुसऱ्या वेळी पालक गेटबाहेर. दंड पोट्ट्यांच्या गुणांतून कापू नका.

वेळेचं पण पाहा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जाते. ४० मिनिटं खेळ, ५ चा हाफटाइम, पाळ्यांच्या मधे २-२ मिनिटं पाणी, म्हणजे जवळपास ५० मिनिटं. सकाळी ६ ला सुरू केलं तर ९ पर्यंत एका मैदानावर तीनच सामने. गटाचे १२ सामने चार दिवसांत होतात. दिवस वाचवायला चौथा सामना घुसवू नका, आणि टर्फवर (कृत्रिम गवतावर) तर नकोच, ते गवतापेक्षा लवकर तापते. पोट्टा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला तर आधी सावली, शर्ट काढून अंगावर भरपूर पाणी, वारा, मान आणि काखेत बर्फ, आणि १०८. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

निरीक्षक_ताई

वयाबद्दल थोडक्यात. जन्मदाखला स्पर्धेच्या आठ दिवस आधी घ्या, सामन्याच्या सकाळी नाही. नंतर सापडलं तर गुण संघाचे जातील, पण मुलाला माइकवरून बाद करू नका. कागद मोठ्यांनी बनवलेला असतो. कोचला टेबलाशी बोलवा, मुलाला लाइनमनच्या झेंड्याचं काम द्या, त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवू नका.

शिट्टी

एक राहिलं. ‘बॉल मला लागून गेला, कॉर्नर त्यांचा’ हे मुलाने पंचाला सांगावं असं वाटत असेल, तर कधी सांगायचं तेही शिकवा. खेळ पुन्हा सुरू झाला की पंच निर्णय फिरवू शकत नाही, म्हणून लगेच सांगायला हवं. क्रिकेटमध्येही तसंच: अपील मागे घेता येतं, पण कर्णधाराने पंचाची संमती घेऊन आणि पुढचा बॉल पडायच्या आत. १९८० च्या मुंबई कसोटीत भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं. त्याने आणि बॉथमने मोठी भागी केली, आणि इंग्लंड १० गडी राखून जिंकलं. फुटबॉलमध्ये २०१९ साली इंग्लंडमधल्या लीड्स क्लबने ॲस्टन व्हिला क्लबचा खेळाडू पडलेला असताना गोल केला, तेव्हा त्यांचे कोच बिएल्सा यांनी व्हिलाला बरोबरीचा गोल करू द्या, असं आपल्या संघाला सांगितलं. लीड्सच्या एका खेळाडूने तरीही अडवायचा प्रयत्न केला. मोठ्यांचंही असं होतं, कारण अशा वेळी काय करायचं ते आधी कोणी करून पाहिलेलं नसतं.

म्हणून स्पर्धेआधीच्या दोन सरावांत दहा-दहा मिनिटं फक्त हे घ्या: कोच मुद्दाम चुकीचा कॉर्नर देईल, मुलांनी दुरुस्त करायचा. एक मूल पडायचं नाटक करेल, बॉलजवळच्याने हात वर करून पंचाला हाक मारायची. प्रत्येकाची पाळी आली पाहिजे, गोलकीपरचीही.

मैदान_समिती

चार गोलांची मर्यादा, चार पाळ्या, दोन चिठ्ठ्या, फक्कीची दुसरी रेघ हे सगळं घेतो आहे. सरावाची दहा मिनिटं कोचच्या बैठकीतच मैदानावर करून दाखवू. सुधारलेली नियमावली रविवारी इथे टाकतो, पळवाटा दिसल्या तर सांगा.