ट्रेलरच्या आतले सांधे झाकायचेत, मदत हवी आहे

राम राम मंडळी, जळगावहून विचारतोय. जीपमागे ओढायचा एक जुना छोटा कॅम्पिंग ट्रेलर घेतलाय, आतून जेमतेम दहा बाय सहा. आतल्या भिंती पातळ प्लायच्या, आणि जिथे दोन शीट जुळतात तिथे पिवळी पडलेली प्लास्टिकची पट्टी, बेडवर पडलं की बरोबर डोळ्यासमोर तीच. आधी पट्टी काढून पुट्टी भरली, पण तोरणमाळच्या घाटात गाडी अशी हलली की परत येईपर्यंत उभी चीर पडलेली. मग डबल टेपने लाकडी बीडिंग लावलं, ते मे महिन्यात 45 डिग्रीला भरदुपारी शेवभाजीच्या ताटात पडलं 😅 स्क्रू मारायची भीती वाटते, मागून लाइटची वायर गेलीये.

बायको म्हणते जुन्या साडीचे जरीचे काठ कापून चिकटव, दिसेल मस्त, मलाही पटतंय, पण गोंद कोणता धरेल? की आधी पेंट चढेल असं ॲक्रेलिक सीलंट भरून, ते सुकल्यावर वर काठ लावू? कुणी केलं असेल तर फोटो टाका ना भाऊ. वजनदार काही नको, जीप आधीच रडते.